वाळूखालची माती

आमच्याकडे द्राक्षाची वेल लावायची म्हणजे आधी विहीर खणल्यासारखं खणावं लागतं. वर सगळी वाळू. समुद्राने आणि वाऱ्याने आणून टाकलेली, कुठे दोन पुरुष खोल, कुठे त्याहून जास्त. तिच्या तळाशी चिकणमाती असते आणि वेलीला तीच हवी असते. वाळू उपसत त्या मातीपर्यंत जायचं, मातीत काडी रोवायची, आणि वेल जशी वर येईल तशी दोन-तीन वर्षांत ती वाळू हळूहळू परत आत लोटायची. खणताना काठ कधी कोसळेल याचा नेम नसतो. म्हणून चरात उतरणारा माणूस डोक्यावर वेताची टोपली उपडी घालून उतरतो. वाळू अंगावर आलीच, तर टोपलीखाली थोडी हवा उरते. ती संपायच्या आत वरच्यांनी त्याला उकरून काढायचं.

सारमेंतो घराणं पिढ्यानपिढ्या हेच करत आलं. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांच्या काळात मुळं खाणाऱ्या किडीची साथ आली. सगळ्या पोर्तुगालच्या बागा वाळून गेल्या, पण आमच्या वाळूत त्या किडीला वाट काढता आली नाही. तेव्हापासून या घराला स्वतःच्या वाळूचा भारी अभिमान. माझ्या सासूबाई, दोना इदालिना, म्हणायच्या की देवाने सारमेंतोंना वाळू दिली आणि त्याच हाताने कंबरदुखी दिली.

मी लिओनिल्द. मूळची अलेंतेजोची, सपाट मुलखातली. तिथे जमीन दिसते तशीच असते, खाली वेगळं काही नसतं. कुस्तोदियोशी लग्न करून मी समुद्रकाठच्या या घरात आले आणि वर्ष उलटायच्या आत त्याला फौजेने आफ्रिकेतल्या युद्धावर नेलं. मग घरात सासूबाई आणि मी दोघीच. मोठे दीर एवारिस्तो लिस्बनला एका जहाज कंपनीच्या कचेरीत होते. दर रविवारी मोटार घेऊन जेवायला यायचे.

त्या वर्षी ऑक्टोबरात, तोडणी आटपल्यावरच्या रविवारी, त्यांनी जेवताना वाऱ्याच्या शेताचा विषय काढला.

वाऱ्याचं शेत म्हणजे कड्याच्या टोकाचा आमचा सगळ्यात मोठा तुकडा. एका वाईट हिवाळ्यात समुद्राच्या वाऱ्याने तिथलं बोरूचं कुंपण उडवून नेलं होतं आणि सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्या जुन्या वेली वाळूखाली गाडल्या गेल्या होत्या. पुन्हा बाग लावायचं त्यांच्या मनात होतं, पण त्याआधीच ते गेले. शेत तसंच पडून होतं. आजूबाजूच्या बहुतेकांनी आपापले तुकडे लिस्बनच्या श्रीमंतांना बंगल्यांसाठी विकले होते. एवारिस्तोंकडेही एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याला उत्तर उन्हाळ्याच्या आत हवं होतं. एवारिस्तो लोभी माणूस नव्हते, हे मी आधीच सांगते. आपली आई या वाळूत झिजून मरेल असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि त्यांनी ते तसंच सांगितलं.

सासूबाईंनी भट्टीतल्या कोकराचा तुकडा शांतपणे चावून गिळला आणि म्हणाल्या, आपण ते शेत या हिवाळ्यात लावतोय.

"खणणार कोण, आई?" एवारिस्तो म्हणाले. "तरणे होते ते फ्रान्समध्ये विटा रचतायत, नाहीतर आपल्या कुस्तोदियोसारखे आफ्रिकेत आहेत. गावात उरला एक सालुस्तियानो. त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला वाकता येत नाही."

"नाडी मी बांधीन. त्याने कसं खणायचं तेवढं सांगावं."

"पण खणणार कोण?"

"इथे दोन बायका बसल्यात, त्या तुला दिसत नाहीत का?"

मी बटाट्यात काटा टोचत होते, तो तसाच राहिला. चरात बाई उतरल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. बायका द्राक्षं तोडत, टोपल्या वाहत, जेवण पोचवत. खाली उतरणं पुरुषांचं.

एवारिस्तो हसले, पण ते आईला ओळखून होते. बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी सासूबाईंनीच अट घातली. फेब्रुवारीत येणाऱ्या कार्निव्हलच्या, म्हणजे सोंगांच्या सणाच्या, मंगळवारपर्यंत वाऱ्याचं शेत लावून झालं, तर एवारिस्तोने विकायचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. नाही झालं, तर त्या स्वतः सही करतील. एवारिस्तोंनी हात पुढे केला. माय-लेकांनी बैल विकताना देतात तसा हातावर हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाई मला घेऊन गावात निघाल्या. पहिल्यांदा गेलो दोमितिलाकडे. ती मासळी विकायची. खालच्या कोळीवाड्यातून भरलेली पाटी डोक्यावर घेऊन कडा चढून यायची आणि तिचा आवाज तिच्याआधी गावात पोचायचा. मग फेलिज्मिना, जिचा नवरा फ्रान्सला जाऊन तिसरा नाताळ येत होता. सासूबाईंनी दारोदार एकच सांगितलं: काम पुरुषाचं आहे आणि मजुरीही पुरुषाचीच मिळेल. आठवड्याभरात पंधरा-सोळा बायका जमल्या.

सालुस्तियानोने आधी साफ नकार दिला. बाई चरात उतरली तर वाळू कोपते, असं तो म्हणाला. दोमितिलाने त्याला विचारलं की वाळूला कसं कळतं, ती काय खालून बघते का. म्हातारा लाजेने लाल झाला आणि त्या भरात हो म्हणून बसला.

त्याने शिकवलं ते असं. चराचे काठ उभे ठेवायचे नाहीत, उतरते ठेवायचे. दर पुरुषभर खोलीला एक पायरी सोडायची, म्हणजे खालची वाळू पायरीवर, पायरीवरची काठावर अशी वर जाते. उपसलेली वाळू काठाला ढीग करून ठेवायची नाही, लांब नेऊन टाकायची. आणि तळाशी असेल तिने सतत बोलत राहायचं. बोलणं थांबलं की वरच्यांनी फावडी टाकून धावायचं.

हा शेवटचा नियम आमच्या बायकांनी फार मनावर घेतला. त्या हिवाळ्यात गावाचं एकही गुपित जमिनीच्या वर उरलं नाही, सगळं चरात बोलून झालं. कुणाचा नवरा फ्रान्समध्ये नुसत्या विटा रचत नाही, पाद्रीबाबांची मोलकरीण रविवारी कोणते मोजे घालते, सगळं. मी तळाशी असले की मला बोलायला सुचत नसे, मग वरून फेलिज्मिना ओरडायची, "अलेंतेजो, मेलीस की झोपलीस?" आमच्या मुलखातली माणसं आळशी असतात अशी इकडे समजूत. झाडाखाली तोंड उघडून पडतात म्हणे, फळ आपोआप पडेल म्हणून. मी खालून उत्तर द्यायचे की फळ अजून कच्चं आहे, पिकलं की सांगते.

एवारिस्तो दर रविवारी येत, जेवून शेतावर चक्कर मारत, काठापासून लांब उभे राहून बघत. पहिल्या रविवारी त्यांनी चेष्टा केली. नाताळनंतर चेष्टा बंद झाली. चर शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता आणि तळाशी उभ्या बाईची वरून नुसती टोपली दिसायची. फक्त माती लागत नव्हती. सालुस्तियानो म्हणायचा त्या खोलीला आम्ही पोचलो, खाली वाळूच होती. अजून एक हात गेलो, वाळूच. समुद्राने त्या वाईट हिवाळ्यात इथे किती वाळू आणून ओतली होती याचा अंदाज कुणालाच नव्हता. जानेवारी संपत आला. पुरुषाची मजुरी मिळणार म्हणून आलेल्या दोघीतिघी कंबर धरून घरी बसल्या. सासूबाई रोज सगळ्यांच्या आधी शेतावर असायच्या. त्यांनी एकदाही माती लागेल असं म्हटलं नाही. त्या फक्त म्हणायच्या, "आज कालच्यापेक्षा खाली."

मग जमिनीकडून कोरडा वारा सुटला. ओली वाळू धरून राहते, कोरडी झाली की पाण्यासारखी वाहते. सालुस्तियानोने काठावर पाण्याचे डबे ओतायला लावले आणि कुणीही काठाजवळ उभं राहायचं नाही म्हणून बजावलं.

त्या दुपारी मी तळाशी एकटीच होते. फेलिज्मिना पाटी घेऊन नुकतीच वर गेली होती. माझ्या डोक्यावर होती ती दोमितिलाची जुनी मासळीची पाटी, कारण माझी टोपली सकाळीच तुटली होती. मी खालून फेलिज्मिनाला गाजराच्या भाजीचं काहीतरी सांगत होते. तेवढ्यात वर माणसांचे आवाज आले. एवारिस्तो रविवार नसताना आले होते, सोबत ते गिऱ्हाईक. चामडी बुटातला उंच माणूस, लिस्बनचा. त्याला समुद्र कुठपर्यंत दिसतो ते बघायचं होतं. नंतर कळलं, सालुस्तियानो लांबून हात हलवत ओरडला, पण वारा उलटा होता. तो माणूस चांगलं दिसावं म्हणून दोन पावलं पुढे आला, आणि त्याला मागे ओढायला एवारिस्तोही पुढे आले.

पायाखालची वाळू सरकणं हे लोक बोलण्यात वापरतात. मी ती वरून खाली येताना पाहिली. आवाज फार झाला नाही. गव्हाचं पोतं कुणी ओतावं तसा झाला. मी पाटीच्या कडा दोन्ही हातांनी धरून खाली बसले, सालुस्तियानोने शिकवलं होतं तशी, आणि मग अंधार झाला.

वाळूचं वजन आधी पाठीवर आलं, मग छातीवर. हात हलेनात. तोंडापुढे वीतभर जागा होती आणि त्या जागेत सार्डिनचा वास होता, वर्षानुवर्षांच्या सार्डिनचा. मला देवाची आठवण झाली असं मी सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मला राग आला होता. आम्ही इतकं खाली आलो आणि आता पुन्हा सगळं उपसायचं, याचाच राग. मग कुस्तोदियोची आठवण झाली. लांबवर, त्या तापलेल्या मुलखात, त्याला हे कुणीतरी सांगेल. मी हळू हळू श्वास घेत राहिले. बोलायचं असतं म्हणून मी बोलतही होते, काय ते आठवत नाही.

मग खरवडण्याचा आवाज आला. फावड्याचा नाही, हातांचा. पाटी हलली, प्रकाशाची चीर आली आणि एक चेहरा दिसला. टोपी नाही, केसांत वाळू, तोंड उघडं. एवारिस्तो. ते काठावरून सरळ उडी मारून आले होते. सालुस्तियानो वरून किंचाळत होता की टोपलीशिवाय खाली जाऊ नका, दुसरा काठही येईल. त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांच्या मागे दोमितिला आणि फेलिज्मिना वाळू उपसत होत्या. माझी छाती मोकळी झाली तेव्हा एवारिस्तो थांबले आणि मला दिसलं की त्यांची बोटं सोलून निघाली आहेत.

"बोलत होतीस तू," ते म्हणाले. "मला ऐकू येत होतं. शिव्या देत होतीस."

मी विचारलं, कुणाला.

"मला," ते म्हणाले आणि तिथेच वाळूत बसून रडू लागले.

तो लिस्बनचा माणूस बुटांतली वाळू झाडत मोटारीत जाऊन बसला होता. नंतर त्याला सालुस्तियानोच्या भाच्याने टपालाच्या गाडीवर सोडलं. परत तो काही आला नाही.

घरी सासूबाईंनी आम्हा दोघांपुढे कोबीचं सूप ठेवलं. एवारिस्तोंची बोटं त्यांनी जुन्या वाइनने धुतली आणि चिंध्या बांधल्या. त्या शेतावरच होत्या, सगळं पाहत होत्या, पण त्यांनी मुलाला एका शब्दाने दोष दिला नाही. शेवटी एवारिस्तोच म्हणाले, आई, माझं ऐक, सोडून दे, मी कधीच विकायचं म्हणणार नाही, पण हे खणणं सोड. आता अटीचा प्रश्नच राहिला नाही.

सासूबाईंनी चिंधीची गाठ आवळली.

"तू सोडतोस म्हणून माझं शेत लागत नाही," त्या म्हणाल्या. "हातावर हात दिलाय. तो मी जिंकूनच घेणार."

मग त्या माझ्याकडे वळल्या. उद्या खाली जाऊ नकोस, तुला कुणी भित्री म्हणणार नाही, असं म्हणाल्या. मी म्हटलं, गेले नाही तर मला रोज रात्री तिथेच असल्यासारखं वाटेल. त्यांनी मान हलवली. त्यांना ते समजलं. सासरे एकदा असेच गाडले गेले होते आणि तेही दुसऱ्या दिवशी उतरले होते, हे त्यांनी मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं.

एवारिस्तो लिस्बनला गेले नाहीत. सकाळी मी शेतावर गेले तर तिथे ते वडिलांची जुनी टोपली डोक्यावर घालून उभे, शहरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बायकांनी त्यांना बघून हसू दाबायला डोक्याचे रुमाल तोंडात कोंबले. दोमितिला म्हणाली की कचेरीवाले आले, आता वाळू तीन प्रतींत उपसायला लागेल. ते हसले आणि खाली उतरले.

कोसळलेली वाळू काढायला कित्येक दिवस गेले. या वेळी काठ जास्त उतरते ठेवले, वारा पडला होता आणि पाऊसही येऊन गेला होता. एवारिस्तो कामाला हळू होते पण थांबत नसत. तळाशी आम्ही दोघं असायचो आणि सालुस्तियानोच्या नियमाप्रमाणे बोलायचो. त्यांनी मला कुस्तोदियोच्या लहानपणाचं सगळं सांगितलं, जे त्याने स्वतः कधी सांगितलं नसतं.

एका सकाळी मी फावडं मारलं आणि ते वाळूसारखं आत गेलं नाही. अडकलं. ओढलं तर चिकट आवाज आला. मी दुसऱ्यांदा मारलं. फावड्याच्या पात्याला राखाडी, ओलसर, तेल लावल्यासारखी चकाकणारी माती चिकटून आली. एवारिस्तो बोलता बोलता थांबले. मीही गप्प झाले.

वर गोंधळ उडाला. दोघंही गप्प झाले म्हणून बायका फावडी टाकून धावल्या, फेलिज्मिना अर्ध्या पायऱ्या उतरून आलीसुद्धा. एवारिस्तोंनी मातीचा गोळा तिच्या हातात दिला. तो हातोहात वर गेला. ज्या बाईच्या हातात जाई ती तो दाबून बघे, नाकाशी नेई आणि पुढे देई. काठावर तो सासूबाईंना मिळाला. त्यांनी त्याचा छोटा तुकडा तोडून जिभेवर ठेवला.

"हीच," त्या म्हणाल्या.

मग त्या दोमितिलाच्या गळ्यात पडल्या. दोना इदालिना सारमेंतोंना कुणाच्या गळ्यात पडलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

आता दिवस कमी होते. माती लागली ती चराच्या एका टोकाला. तिथून पुढे सगळ्या तळापर्यंत जायचं होतं, पण आता खोली ठाऊक होती आणि कुणाची कंबर दुखत नव्हती. घरी बसलेल्या बायका परत आल्या. मासळी बाजार लवकर उरकून कोळीवाड्यातल्या चारजणी आल्या. आमच्या जुन्या बागेतून रामिश्कोच्या काड्या कापल्या. इथली द्राक्षं तीच, लहान, काळी, जाड सालीची. काडी तळाशी आडवी ठेवायची, मातीत दाबायची, वर शेणखत, वर हातभर वाळू, टोक तेवढं बाहेर. सासूबाई प्रत्येक काडीपाशी स्वतः ओणव्या झाल्या. मातीत काडी दाबताना त्यांची बोटं किती झपाझप चालायची, ते मी शेजारून बघत होते.

कार्निव्हलचा मंगळवार उजाडला तेव्हा शेताचा समुद्राकडचा एक पट्टा उरला होता. बायकांच्या मुलांनी घरी सोंगं तयार करून ठेवली होती, त्यांना आयांनी सांगितलं की आज शेतावर काम आहे. दुपारी आम्ही खाली होतो तर ढोल ऐकू आला. वर बघते तो काठापासून दूर, सालुस्तियानोने आखलेल्या रेषेमागे, मुखवटे उभे. सगळी मिरवणूक गावातून वळून शेतावर आली होती. म्हाताऱ्याचं सोंग, नवरीचं सोंग घेतलेला मिशीवाला खाटीक, शेपटीवाले सैतान, आणि टिनचे डबे वाजवणारी पोरं. खाटकाने नवरीचा घागरा वर खोचला आणि शेणखताची पाटी उचलली. सैतान काड्यांच्या मोळ्या वाहू लागले. ढोलवाला वाजवत राहिला, कारण सालुस्तियानोने सांगितलं की वर आवाज राहिला की खाली बरं वाटतं.

सूर्य समुद्राला टेकायच्या आत शेवटची काडी लागली. ती कुणी लावायची यावर थोडा वाद झाला. सासूबाईंनी ती एवारिस्तोंच्या हातात दिली. त्यांनी गुडघे टेकून ती मातीत दाबली, वर वाळू ओढली, आणि तिथूनच आईला ओरडून म्हणाले,

"हरलो, आई."

"मोठ्याने," सासूबाई वरून म्हणाल्या. "वारा आहे."

ते सगळ्या समुद्राला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा ओरडले, आणि मग ढोल असा काही वाजला की घागऱ्यातला खाटीक आणि दोना इदालिना वाळूवर नाचले. मी ते पाहिलंय.

पुढचं काम सावकाशीचं होतं. वेली वर येत गेल्या, आम्ही वाळू आत लोटत गेलो. समुद्राकडून नवीन बोरूचं कुंपण केलं, या वेळी दुहेरी. कुस्तोदियो युद्धावरून सुखरूप आला तेव्हा वाऱ्याचं शेत पुन्हा सपाट झालं होतं आणि वेली वाळूवर सरपटत पसरल्या होत्या. त्याला मी सांगितलं की याच्याखाली मी होते. त्याने विश्वास ठेवला नाही. मग दोमितिलाने त्याला सांगितलं, आणि तिच्या तोंडून ऐकल्यावर गावात कुणी शंका घेत नाही.

चौथ्या वर्षी पहिली भरघोस तोडणी झाली. घड वाळूवर भाजू नयेत म्हणून उन्हाळ्यात आम्ही एकेका वेलीखाली बोरूचे बुटके टेकू लावले होते. पायांनी तुडवलेला रस पिंपांत गेला. आमची वाइन तरुणपणी पिववत नाही, जीभ सोलून काढते. ती मुरायला वर्षं लागतात. तेवढ्यात देशात क्रांती झाली, युद्ध संपलं, एवारिस्तोंनी कचेरी सोडली आणि बायको-मुलांना घेऊन ते घराच्या मागच्या भागात राहायला आले.

सासूबाईंनी पिंप उघडायचं ठरवलं ते संत मार्टिनच्या दिवशी, नोव्हेंबरात. त्या दिवशी सगळा देश नवी वाइन चाखतो आणि चेस्टनट भाजतो. आम्ही मात्र वर्षानुवर्षं मुरलेली काढणार होतो. लिस्बनहून दोन व्यापारी आले होते, एक इंग्रजही होता. ते पुढे उभे राहिले होते. सासूबाईंनी पहिला पेला भरला आणि त्यांच्या मधून वाट काढत मागे गेल्या, जिथे चरात उतरलेल्या सगळ्या बायका रविवारच्या कपड्यांत अवघडून उभ्या होत्या. प्रत्येकीला त्यांनी स्वतःच्या हाताने पेला भरून दिला. व्यापारी थांबले.

वाइन गडद नव्हती. पातळ, विटकरी लाल. वास चेरीचा, थोडा ओल्या लाकडाचा, आणि मागून समुद्राचा. मी घोट घेतला तेव्हा आधी आंबट लागली, मग आतून काहीतरी उलगडत गेलं, आणि गिळल्यावरही बराच वेळ तोंडात राहिली.

दोमितिलाने पेला रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणाली, "याच्यासाठी मी आणखी एक चर खणीन. पण मजुरी वाढवा."

सगळे हसले. इंग्रज व्यापाऱ्याला कुणीतरी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तोही हसला आणि म्हणाला की त्याला सगळी पिंपं हवीत. सासूबाई म्हणाल्या, सगळी मिळणार नाहीत. गावाची वेगळी काढलेली आहेत. त्याने नंतर लिस्बनमध्ये मोठमोठ्या वाइनांच्या रांगेत ही ठेवून तज्ज्ञांना चाखायला दिली. ती पहिली आली. ती बातमी एवारिस्तोंनी आणली तेव्हा सासूबाई भांडी घासत होत्या. त्यांनी मान वळवून फक्त विचारलं की दुसरी कोण आली, आणि नाव ऐकल्यावर समाधानाने पुन्हा घासायला लागल्या.

त्या हिवाळ्यात शेजारच्या दोन घरांनी आपल्या पडीक शेतात चर खणायला घेतले. बंगल्यासाठी विकलेला एक तुकडा एका डॉक्टरने तसाच परत दिला, म्हणाला इथे बंगला बांधण्यापेक्षा मला बाटल्या मिळाल्या तर बरं. शिकवायला सालुस्तियानो उरला नव्हता. फेलिज्मिना आणि मी जायचो. पहिल्या सकाळी पाच-सहा नव्या सुना आणि दोन तरुण पोरं काठापासून लांब उभी होती, हातात फावडी, खाली बघायला घाबरत. फेलिज्मिनाने त्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं की सगळ्यात आधी बोलायला शिका.